'हॅक अँड स्लॅश' खेळ कसा तपासावा : ड्रॅगनपासून 'राजी'पर्यंत

हातात तलवार किंवा कुऱ्हाड घेऊन, अंगावर येणाऱ्या शत्रूंच्या झुंडी कापत पुढे जायचे, अशा व्हिडिओ गेमना 'हॅक अँड स्लॅश' म्हणतात. ही संज्ञा मात्र व्हिडिओ गेममधून आलेली नाही. १९७४ साली आलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. कथा आणि संवाद बाजूला ठेवून नुसती मारामारी करत सुटणाऱ्या त्याच्या खेळाडूंना हे शब्द लावले जात. टोमण्याचेच पुढे प्रकाराला नाव पडले, आणि त्या टोमण्यातली तक्रार आजही खरी आहे : तेच ते वार करून कंटाळा येतो.

म्हणून असा खेळ हाती घेतल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा. पन्नासावा शत्रू मारताना पहिल्या शत्रूपेक्षा वेगळा विचार करावा लागतो का? चित्रे, संगीत, कथा यांचे गुण नंतर मोजता येतील.

ड्रॅगनचे या खेळांतील काम यावरून समजते. तो केवळ शोभेचा प्राणी नसतो. बारक्या शत्रूंवर बटण दाबत राहिले तरी चालते. ड्रॅगन दुरून आग ओकतो, हवेत उठतो, शेपटी फिरवतो. त्याची हालचाल ओळखून थांबावे लागते, बाजूला व्हावे लागते, मगच वार करता येतो. सेगा कंपनीच्या 'गोल्डन ॲक्स' (१९८९) मध्ये तर शत्रूला पाडून त्याच्याच ड्रॅगनवर स्वार होता येते. एवढ्या एका सोयीने कोणाला आधी गाठायचे हा निर्णय खेळात येतो.

उलट उदाहरण 'ड्रॅकनगार्ड' (२००३) चे. त्यात नायक लाल ड्रॅगनशी करार करतो आणि त्या बदल्यात आपली वाचा गमावतो. कल्पना विलक्षण आहे. आकाशातील लढाई आणि जमिनीवरील तलवारबाजी असे दोन खेळ एकत्र आणले आहेत. पण जमिनीवर उतरले की त्याच सैनिकांना त्याच वारांनी कापत राहावे लागते, आणि समीक्षकांनी नेमके त्यावर बोट ठेवले. याच मालिकेतून निघालेल्या 'नियर : ऑटोमाटा' (२०१७) मध्ये लढाईचे काम प्लॅटिनम गेम्स या ॲक्शन खेळांत मुरलेल्या कंपनीकडे गेले. तिथे ही उणीव बरीच भरून निघाली.

आता आपल्याकडचे उदाहरण. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. असुर मुलांना पळवून नेतात. त्यांत गोलू नावाचा मुलगा असतो. सर्कशीत कसरती करणारी त्याची बहीण राजी त्याला सोडवायला निघते. दुर्गा आणि विष्णू आपापसांत बोलत तिची गोष्ट सांगतात. यात ड्रॅगन नाही. त्याची उणीवही भासत नाही, कारण चमत्कारिक प्राण्यांची आपल्याकडे वाण नाही; म्हैसूर जिल्ह्यात सोमनाथपूरला गेलात तर होयसळ मंदिराच्या जोत्यावरील मकरांची रांग पाहा.

'राजी'चे खरे बळ तिच्या जगात आहे. राजस्थानी किल्ल्यांची आठवण करून देणारे महाल, पहाडी चित्रशैलीवरून घेतलेले रंग, भिंतींवरची देवांची चित्रे. राजी त्या चित्रांपुढे थांबली की त्यांची कथा ऐकू येते. मधले कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात आहेत. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या किंवा कर्नाटकातील तोगलु गोंबेयाटा पाहिलेल्याला हे रूप परके वाटणार नाही. नायिका कसरतपटू आहे, हेही नुसते सांगण्यापुरते नाही. ती भिंतीवर धावून उलटी उडी घेते, खांबाभोवती गिरकी घेऊन वार करते. रिंगणातली भिंत आणि खांब ही तिची शस्त्रेच होतात. पात्राचा पेशा लढाईत असा उतरणे या प्रकारात दुर्मीळ आहे, आणि माझ्या मते 'राजी'तील ही सर्वांत चांगली गोष्ट आहे.

पण पन्नासाव्या शत्रूची कसोटी लावली की 'राजी' कमी पडते. त्रिशूळ, धनुष्य, तलवार-ढाल अशी शस्त्रे मिळतात, त्यांना वीज, अग्नी, हिम यांच्या शक्ती जोडता येतात. तरी थोड्याच वेळात आपण एक-दोन सोयीच्या चालींवर येतो आणि शत्रू त्या बदलायला भाग पाडत नाहीत. 'डेव्हिल मे क्राय' मालिकेतील नंतरच्या खेळांत तीच चाल परत परत केली की शैलीचे गुण कमी मिळतात. असा काही धाक येथे नाही. कॅमेरा आपल्या हातात नसल्याने काही उड्यांचे अंतर चुकते. आणि कथा महाबलासुराशी झुंज झाल्यावर इतकी अचानक थांबते, की पुढचा भाग राहून गेला असे वाटावे.

या उणिवांमागे पैशाचाही भाग आहे. २०१७ मध्ये या स्टुडिओने किकस्टार्टरवर १,२०,००० पौंड उभे करायचा प्रयत्न केला होता. तो यशस्वी झाला नाही. शत्रूचा एक नवा प्रकार म्हणजे नवी आकृती, नव्या हालचाली, नवा प्रोग्राम आणि कितीतरी दिवसांची चाचणी. देखावा एकदा रंगवला की तो हजार वेळा पाहता येतो. लढाईतले वैविध्य मात्र असे एकदा करून भागत नाही. हे कारण समजून घ्यावे, पण त्याने गुण वाढवू नयेत. 'आपला खेळ' म्हणून डोक्यावर घेणे आणि 'गॉड ऑफ वॉर'शी तुलना करून हसण्यावारी नेणे, या दोन्हींत तपासणी राहूनच जाते. २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या खेळांच्या गटात 'राजी'ला नामांकन मिळाले होते; तो पुरस्कार 'फॅस्मोफोबिया'ला मिळाला.

स्वाध्याय म्हणून तुमच्याजवळ असलेला या प्रकारातील कोणताही खेळ घ्या, मोबाइलवरचाही चालेल. दहा मिनिटे खेळा आणि मित्राला शेजारी बसवून तुमच्या प्रत्येक वाराची खूण कागदावर करायला सांगा : कोणती चाल, कोणत्या शत्रूवर. मग जागा बदला. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा, खुणा कुठे बदलतात आणि त्या क्षणी समोर कोण आले होते.