‘नल’ नंबरची गाडी

२०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका संगणक-सुरक्षा संशोधकाने गाडीसाठी हौसेची नंबरप्लेट घेतली. तिच्यावर एकच इंग्रजी शब्द होता: ‘नल’. प्रोग्रामिंगमध्ये त्याचा अर्थ ‘इथे काहीच नाही’. दंड करणाऱ्या यंत्रणेला ही गाडी दिसणारच नाही, अशी त्यामागची गंमत. घडले उलटे. त्याने पार्किंगचा एक किरकोळ दंड भरला आणि त्याचा पत्ता ‘नल’ला चिकटला. मग गाडीचा नंबर लिहायचा राहून गेलेल्या परक्या पावत्या त्याच्या घरी येऊ लागल्या. मागणी १२ हजार डॉलरच्या वर गेली.

नोंद रिकामी असेल तर ती कशी ठेवायची आणि एकाच नावाखाली अनेक नोंदी आल्या तर काय करायचे, हे दोन्ही प्रश्न इथे एकमेकांत गुंतले आहेत. हॅश मॅप वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरला ते कधी ना कधी छळतात.

हॅश मॅप म्हणजे किल्ली आणि मूल्य यांच्या जोड्यांचा साठा. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये त्याची मूळ कल्पना एका अंतर्गत टिपणात मांडली. (क्रेडिट कार्डाचा नंबर तपासण्याची रीतही त्यांचीच.) किल्लीवर गणित करून एक आकडा काढायचा आणि तो सांगेल त्या खणात जोडी ठेवायची. शोधताना तेच गणित पुन्हा केले की थेट त्या खणाशी पोचता येते. लाख नोंदी चाळाव्या लागत नाहीत. दोन वेगळ्या किल्ल्या एकाच खणात आल्या, तर त्यांची साखळी करायची. ही अडचण लून यांनी तेव्हाच सोडवली होती.

रिकामेपणाची अडचण मात्र गणिताने सुटत नाही. संपर्क-यादीत एखाद्याच्या नावापुढे मोबाइल नंबर दिसला नाही, तर त्याच्याकडे फोनच नाही, की नंबर विचारायचा राहिला, की मुळात ती व्यक्तीच यादीत नाही? जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या ‘हॅशमॅप’मध्ये मूल्य ‘नल’ चालते. इतकेच काय, किल्लीसुद्धा ‘नल’ चालते; ती शून्य क्रमांकाच्या खणात जाते. पण एखादी किल्ली विचारल्यावर उत्तर ‘नल’ आले, तर किल्ली नाही की मूल्य रिकामे आहे, हे कळत नाही. त्यासाठी ‘किल्ली आहे का?’ असा वेगळा प्रश्न विचारावा लागतो. अनेक कामे एकाच वेळी त्याच साठ्याला हात घालत असतील, तर या दोन प्रश्नांच्या मधल्या क्षणात दुसरेच कोणी ती नोंद पुसू शकते. म्हणून अशा वापरासाठी बनवलेल्या ‘कन्करंटहॅशमॅप’मध्ये ‘नल’ला मज्जावच आहे.

इतर भाषांचे स्वभाव वेगळे. लुआमध्ये किल्लीला ‘निल’ (तिथले ‘नल’) दिले की किल्लीच पुसली जाते. पायथॉनमध्ये नसलेली किल्ली चौकटी कंसात मागितली तर थेट चूक दाखवली जाते. गोमध्ये एका प्रश्नाला दोन उत्तरे घेता येतात: मूल्य, आणि ते खरोखर ठेवलेले होते का याचा हो-नाही. त्यातल्या त्यात प्रामाणिक वाट हीच.

आता एका किल्लीची अनेक मूल्ये. साध्या हॅश मॅपमध्ये त्याच किल्लीखाली दुसरे मूल्य घातले की पहिले गुपचूप जाते. उपाय सोपा: किल्लीखाली एकच मूल्य न ठेवता यादी ठेवायची. पण यादीतले शेवटचे मूल्य काढल्यावर उरलेल्या रिकाम्या यादीचे काय? पुन्हा तोच प्रश्न. गूगलच्या ‘ग्वाव्हा’ या जावा-संचातला ‘मल्टिमॅप’ याचा निकाल लावतो: मूल्य नाही, तर किल्लीही नाही. मागाल तर रिकामा संच मिळेल, ‘नल’ कधीच नाही.

एकाच किल्लीची दोन मूल्ये बाहेरून आली, तर कोणते घ्यायचे यावरही एकमत नाही. वेब-पत्त्यात एकच नाव दोनदा आले, तर वेबसाठीची पीएचपी ही भाषा शेवटचे मूल्य उचलते. एएसपी डॉट नेट ही वेब-प्रणाली दोन्ही मूल्ये स्वल्पविरामाने जोडून देते. मधल्या तपासनीस प्रोग्रामने एक मूल्य पाहिले आणि पुढच्याने दुसरे वापरले, तर चोराला दार उघडे.

२०१७ मध्ये काउचडीबी या डेटाबेसमध्ये नेमके हेच सापडले. नवा वापरकर्ता नोंदवताना पाठवायच्या जेसनमध्ये (किल्ली-मूल्य जोड्या मजकुरात लिहिण्याची पद्धत) ‘रोल्स’ ही किल्ली दोनदा लिहायची: आधी प्रशासकाचा अधिकार मागायचा, मग रिकामी यादी द्यायची. तपासणी करणारा जावास्क्रिप्टचा भाग दुसरी, म्हणजे रिकामी यादी पाहून नोंदणीला परवानगी देई. प्रत्यक्ष अधिकार ठरवणारा, एरलँग या भाषेतला भाग मात्र पहिली वाची. अनोळखी माणूस क्षणात प्रशासक! नोव्हेंबरमध्ये दुरुस्ती जाहीर झाली.

त्यानंतर महिन्याभरात जेसनचे सुधारित इंटरनेट-मानक आले. एका ‘ऑब्जेक्ट’मधल्या, म्हणजे जोड्यांच्या एका संचातल्या, किल्ल्या वेगवेगळ्या असाव्यात, अशी शिफारस त्यात आहे, सक्ती नाही. सक्ती करणारे कडक रूप, ‘आय-जेसन’, २०१५ पासूनच उपलब्ध आहे. पायथॉनचा स्वतःचा जेसन-वाचक मात्र आजही दुहेरी किल्ली दिसली की तक्रार न करता शेवटचे मूल्य ठेवतो.