टेस्ट आणि टेस्ट

विलेपार्ले पूर्वेला सकाळची फेरी आटोपून चहाला थांबलं, की माझ्या हातातल्या शुगर फ्रीच्या डबीवर कुणीतरी बोट ठेवतंच. परवा एक काका म्हणाले, "अहो, लंडनमध्ये कीटकनाशक शोधताना एका पोराने चुकून चाखलं, तेच हे. विष आहे विष!" आणि स्वतःसाठी साखर जास्त घातलेला चहा सांगितला. ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की आता ती नीट सांगूनच टाकते.

चाखलं, हे खरं. साल १९७६, लंडनचं क्वीन एलिझाबेथ कॉलेज. प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या प्रयोगशाळेत टेट अँड लाइल या साखर कंपनीसोबत साखरेचे नवे औद्योगिक उपयोग शोधणं चालू होतं. साखरेच्या रेणूत क्लोरिन घालून केलेला एक पदार्थ 'टेस्ट' कर, म्हणजे तपास, असं शशिकांत फडणीस या भारतीय संशोधकाला सांगण्यात आलं. त्यांनी ऐकलं 'टेस्ट', म्हणजे चाख. मराठीत हे दोन्ही शब्द आपण एकाच अक्षरांत लिहितो, तेव्हा आपण तरी त्यांना हसू नये. पदार्थ जिभेवर ठेवला, तर तो कमालीचा गोड! तेच सुक्रलोज, साखरेच्या सुमारे ६०० पट गोड.

आता विषाचं. घटकाभर धरून चालू की कीटकनाशकच शोधत होते. मग? काय शोधताना सापडलं, यावरून ते शरीरात काय करतं हे कसं कळणार? साखरेऐवजी वापरतात ती दुसरी गोड रसायनंही अशीच चुकून सापडली. सॅकरिन १८७९ मध्ये कोळशाच्या डांबरातल्या रसायनांवर काम करणाऱ्या फालबर्ग यांना, हात नीट न धुता जेवायला बसल्यामुळे सापडलं. अस्पार्टेम १९६५ मध्ये अल्सरच्या औषधावर काम करताना बोट चाटल्यामुळे. पण म्हणून काही अस्पार्टेमने कुणाचा अल्सर बरा होत नाही.

"पण त्यात क्लोरिन आहे, डीडीटीतही आहे!" हा पुढचा बाण. त्यावर "क्लोरिन तर मिठातही असतं" असं ठोकून देणारेही चुकतात. मिठात ते आयनरूपात असतं, सुक्रलोजमध्ये कार्बनला जोडलेलं. खरा फरक वेगळाच आहे. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत साठून राहतं. सुक्रलोज लिटरभर पाण्यात पाव किलोहून जास्त विरघळतं आणि पोटात गेलेल्यातलं बहुतेक न शोषलं जाता बाहेर पडतं.

शिवाय ते चाखल्या चाखल्या बाजारात आलं नाही. पहिली परवानगी कॅनडाने दिली १९९१ मध्ये, अमेरिकेने १९९८ मध्ये. म्हणजे चुकीची टेस्ट एकदाच झाली; बरोबरची पुढे पंधरा-वीस वर्षं चालली होती. अमेरिकेची मर्यादा आहे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ३६ चमचे साखरेची गोडी. काका, इतका चहा पिता?

उरलेले गैरसमज थोडक्यात.

"साखरेपासून केलंय, म्हणजे नैसर्गिक." नाही. तीन जागी क्लोरिन बसवल्यावर ती साखर राहत नाही.

"सगळ्या गोळ्या सारख्याच." नाही. सॅकरिन, अस्पार्टेम, सुक्रलोज ही तीन निराळी रसायनं आहेत. डबीवरचं वाचा.

"करंजीच्या सारणातही चालेल." जपून. १२० अंशांच्या वर तापवल्यास घातक क्लोरिनयुक्त संयुगं तयार होऊ शकतात, असा इशारा जर्मनीच्या बीएफआर या जोखीम-मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये दिला. पदार्थ शिजल्यावर घाला.

"याने वजन उतरतं." जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ही गोडी वापरू नका, असंच सांगितलंय. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांच्यासाठी मात्र तो सल्ला नाही.

"गोळी टाकली, आता बाकी सगळं माफ." बिस्किटाच्या कारखान्याच्या वासावर वाढलेल्या पार्लेकरांना हे सांगणं जिवावर येतं, पण बिनसाखरेच्या चहात बुडवलेल्या चार ग्लुकोज बिस्किटांत साखर असतेच.