उणे पाच व्होल्ट

प्रोजेक्टचे दिवस आले की पॉलिटेक्निकच्या आमच्या लॅबमध्ये हा प्रश्न हमखास येतो: "मॅडम, ऑप-अँपला उणे पाच व्होल्ट हवेत आणि माझ्याकडे नुसता मोबाइलचा चार्जर आहे." मी दुसरा ट्रान्सफॉर्मर आणायला सांगत नाही. चार्ज पंप कर म्हणते. एक लॉजिक आयसी, दोन डायोड, दोन कपॅसिटर, शिवाय आयसीला टिकटिकत ठेवायला एक रेझिस्टर आणि एक चिमुकला कपॅसिटर.

काम रहाटगाडग्यासारखं चालतं. आयसीचं आउटपुट पाच व्होल्टवर असताना पहिला कपॅसिटर भरतो. ते शून्यावर उतरलं की कपॅसिटरचं दुसरं टोक शून्याच्याही खाली जातं आणि साठा दुसऱ्या कपॅसिटरमध्ये रिता होतो. गाडगं लहान असेल तर रहाट जोरात फिरवायचा. पंपाचा आतला रोध म्हणजे एक भागिले फ्रिक्वेन्सी आणि कपॅसिटन्सचा गुणाकार. १०० किलोहर्ट्झला ०.१ मायक्रोफॅरड लावला तर १०० ओहम, १ मायक्रोफॅरड लावला तर १०.

एवढा हिशेब वहीच्या कोपऱ्यात मावतो, पण मुलं आधी सुटे भाग घ्यायला पुण्याची तापकीर गल्ली गाठतात.

खरा घोळ आयसीचा. खणात ७४एलएस१४ पडलेला असतो, तोच लावायचा मोह होतो. पण त्याचं आउटपुट चढून चढून साडेतीन व्होल्टच्या आसपास थांबतं. दीड व्होल्ट पहिल्याच पायरीवर गेले. सीडी४०१०६ पूर्ण पाचापर्यंत जातो, मात्र पाच व्होल्टवर त्याचं एकेक गेट जेमतेम मिलिअँपिअरभर करंट देतं. त्याची खरी जागा ९ किंवा १२ व्होल्टला. ७४एचसी१४ पाचावर त्याच्या कितीतरी पट दमदार, पण ६ व्होल्टच्या वर नेलात तर त्याची खैर नाही. म्हणजे चार्जर असेल तर एचसी, नऊ व्होल्टची बॅटरी असेल तर ४०१०६. दोन्हींत सहा गेट असतात. एकाला १० किलोओहम आणि १ नॅनोफॅरड लावून ऑसिलेटर करायचा (एचसीवर १०० किलोहर्ट्झच्या थोडं वर जातो) आणि उरलेली पाच समांतर जोडून पंप चालवायचा. समांतर जोडायची ती एकाच आयसीतली.

डायोडवर मात्र मी अडून बसते. १एन४००७ हा ५० हर्ट्झचा गडी, इथे तो वेळेवर बंदच होत नाही. १एन४१४८ चपळ आहे, पण दोन मिळून सव्वा व्होल्ट खातात आणि हातात उणे पावणेचारच्या आसपास उरतात. बॅट८५ सारखे शॉट्की लावले तर उणे सव्वाचार-साडेचार. एलएम३५८ तेवढ्यावर खूश असतो; म्हातारा ७४१ कुरकुरतो.

कपॅसिटर सिरॅमिक घ्या, पण एक्स७आर. स्वस्तातला वाय५व्ही व्होल्टेज चढलं की आपला कपॅसिटन्स गमावतो, आणि मग वरचा हिशेब कागदावरच राहतो. इलेक्ट्रोलिटिक वापरलाच, तर आउटपुटच्या कपॅसिटरचं अधिक टोक ग्राउंडला जातं. परीक्षेत नेमकं हेच उलटं होतं.

कपॅसिटर-डायोडच्या अशाच शिडीने १९३२ साली कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी केंब्रिजमध्ये लाखो व्होल्ट उभे केले आणि लिथियमचं अणुकेंद्रक फोडलं. आम्हाला पाचच हवेत.

तयार आयसीही मिळतो, आयसीएल७६६०. सोबत १० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर लावले की काम झालं. मापनाच्या सर्किटला मी तोच देते. पण त्याचा ऑसिलेटर १० किलोहर्ट्झवर चालतो आणि गिटारच्या पेडलमध्ये घातला तर ती शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते. ७६६०एस घेतला तर पहिली पिन पुरवठ्याला जोडून फ्रिक्वेन्सी ३५ किलोहर्ट्झपर्यंत नेता येते. साध्या ७६६० मध्ये ती पिन रिकामीच असते. गिटारवाल्या मुलांना म्हणूनच दुकानात शेवटचं अक्षर वाचून मगच पैसे द्यायला सांगते.