सिगारची वही : चवीची की हिशेबाची?

वाइनचे जाणकार चाखलेल्या प्रत्येक वाइनचे टिपण ठेवतात. लिलावापूर्वी चहाची प्रत ठरविणारे पारखी एकेका पेल्यापुढे शेरा लिहीत जातात. कॉफीच्या बियांची परीक्षा करणाऱ्यांचीही तीच रीत. सिगारच्या शौकिनांमध्येही अशी वही ठेवण्याची प्रथा जगभर रूढ आहे. सिगारचे नाव, दिनांक, धुराची चव, जळण्याची रीत आणि शेजारी त्या सिगारवरची कागदी पट्टी चिकटविलेली, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. ही वही खरोखर काही शिकविते, की ती हौसेला चढविलेला केवळ एक दागिना आहे, हा प्रश्न वरकरणी चैनीचा वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी गंध, स्मृती आणि भाषा यांचे नाते आहे. आणि विषय तंबाखूचा असल्याने त्यात आरोग्याचाही प्रश्न गुंतलेला आहे. जो सिगार ओढत नाही, त्याने तो ओढावा असे सांगण्याजोगे कोणतेही कारण नाही, हे प्रारंभीच नमूद केलेले बरे. येथे विचार आहे तो ओढणाऱ्यांच्या वहीचा.

एका सिगारमध्ये अनेक सिगार

हाताने वळलेल्या सिगारचे तीन भाग असतात. आत भरलेली पाने, त्यांना बांधून ठेवणारे पान आणि सर्वांत बाहेरचे देखणे आवरण. क्युबाच्या पिनार देल रिओ प्रांतातील व्हुएल्ता आबाहो हा भाग या तंबाखूसाठी विशेष प्रसिद्ध आहे. तेथे आतल्या भरणासाठी एकाच रोपाची वेगवेगळ्या उंचीवरची पाने निवडली जातात. खालची पाने सिगार नीट जळावा म्हणून, मधली सुगंधासाठी आणि शेंड्याकडची, उन्हात अधिक तापलेली पाने तिखटपणासाठी. शेंड्याकडची पाने सावकाश जळतात, म्हणून वळणारा कारागीर ती मध्यभागी ठेवतो. कापणीनंतर पाने वाळविली जातात, त्यांच्या राशी रचून त्या आंबविल्या जातात आणि त्या प्रक्रियेत पानांतला अमोनिया व उग्रपणा बराच कमी होतो.

इतक्या हातांतून गेलेली वस्तू प्रत्येक वेळी सारखी लागेल, अशी अपेक्षाच चुकीची ठरते. पीक बदलते, पाऊसमान बदलते, वळणाऱ्याचा हात बदलतो. क्युबाच्या पेट्यांच्या तळाशी कारखान्याचा सांकेतिक शिक्का आणि पेटी भरल्याचा महिना व वर्ष छापलेले असते. त्याला जाणकार महत्त्व देतात ते यामुळेच. पुढे साठवणुकीचा प्रश्न येतो. सिगार साधारणतः ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवले जातात. त्याहून कोरडे झाले तर भराभर जळतात आणि धूर झोंबतो. फार ओलावा धरला तर ओढायला जड जातात आणि बुरशीचे भय असते. मुंबईचा पावसाळा आणि नागपूरचा उन्हाळा हे दोन्ही ऋतू अनुभवलेल्या वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

शिवाय एकच सिगार सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी सारखा लागत नाही. धुरातले जड घटक आणि निकोटिन उरलेल्या तंबाखूत साठत जातात. त्यामुळे शेवटचा तिसरा हिस्सा बहुधा अधिक उग्र असतो. वहीत सिगारचे तीन भाग पाडून नोंद करण्याचा प्रघात पडला तो या कारणाने.

आठवणीचा भरवसा किती?

'चव' असा शब्द आपण वापरतो तेव्हा त्यातला बराच भाग प्रत्यक्षात गंधाचा असतो. जिभेला कळणाऱ्या चवी मोजक्याच. धूर तोंडात घोळवताना घशामागच्या वाटेने नाकाकडे जातो आणि बाकीची ओळख तेथे पटते. नाकातील गंधग्राहकांचे मोठे जनुककुल शोधून काढणाऱ्या रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक या शास्त्रज्ञांना २००४ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मानवाकडे अशा कार्यरत ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत आणि एकेक गंध त्यांपैकी अनेकांना निरनिराळ्या प्रमाणात चेतवितो. गंधांचे जग विलक्षण विस्तृत वाटते ते त्यामुळे.

अडचण आहे ती नाव देण्यात. ओळखीचा वास डोळे मिटून हुंगला तर 'हे माहीत आहे, पण शब्द सुचत नाही' अशी बहुतेकांची अवस्था होते. मानवी मेंदूचीच ही मर्यादा आहे, असे दीर्घकाळ मानले जात असे. मलाया द्वीपकल्पातील जहाई या शिकारी-संकलक समाजावरील अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या समजाला धक्का बसला. जहाई भाषेत गंधांसाठी स्वतंत्र शब्द आहेत आणि ते बोलणारे लोक गंधांना रंगांइतक्याच सहजतेने नावे देतात, असे त्यात आढळले. म्हणजे गंध ओळखणे हा जसा नाकाचा, तसाच भाषेच्या सवयीचाही भाग ठरतो. वहीच्या बाजूने यापेक्षा चांगला पुरावा नाही. शब्द शोधण्याची सवय लागली, की जे आधी केवळ 'बरे' किंवा 'कडक' वाटत होते, त्यात भेद दिसू लागतात.

शब्दांचे उपकार आणि अपकार

तथापि शब्द नेहमीच मदत करतात असे नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सहभागी व्यक्तींना लाल वाइन चाखायला दिली गेली. काहींना तिचे वर्णन लिहायला सांगितले, काहींना नाही. नंतर अनेक वाइनमधून ती ओळखायची होती. वाइन न पिणाऱ्यांना आणि तज्ज्ञांना वर्णन लिहिल्याने अपाय झाला नाही. परंतु नित्य पिणाऱ्या, मात्र प्रशिक्षण नसलेल्या मधल्या गटाची ओळखण्याची क्षमता वर्णन लिहिल्यानंतर घटली. चव जितकी सूक्ष्म कळत होती, तितके शब्द त्यांच्यापाशी नव्हते. आणि अपुरे शब्द मूळ अनुभवावर पसरून बसले. बहुसंख्य हौशी शौकीन याच मधल्या गटात मोडतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

फ्रान्समधील बोर्दो येथील २००१ चा प्रयोग तर सर्वश्रुत आहे. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून दिला गेला. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनला शोभणाऱ्या शब्दांत केले. डोळ्यांनी आधीच निकाल दिला होता. नाकाने त्यावर सही केली, इतकेच.

सिगारच्या बाबतीत लाल रंगाचे काम ती कागदी पट्टी करते. 'कोहिबा' किंवा 'माँटेक्रिस्टो' हे नाव वाचल्यानंतर चव निरपेक्षपणे कळणे कठीण. किमतीचा प्रभाव वेगळाच. 'सिगार अफिशियोनादो' हे १९९२ मध्ये सुरू झालेले अमेरिकी नियतकालिक पट्टी काढून, नाव झाकून सिगार तपासते आणि १०० पैकी गुण देते, ते या कारणासाठी. पण असे गुण आधी वाचून मग स्वतःची वही उघडणारा शौकीन दुसऱ्याचीच उत्तरपत्रिका उतरवून काढत असतो. वहीचा उपयोग व्हायचा असेल तर आधी स्वतःचे लिहावे, मग इतरांचे वाचावे.

आपल्या नाकाचे शब्द

परदेशी टिपणांत सीडर, चामडे, कोको, वाळलेले गवत, माती, मिरी असे शब्द पुनःपुन्हा येतात. ज्याने जो वास घेतलेला नाही, त्याच्या वहीत तो शब्द निरर्थक होय. यातील 'सीडर'ची गंमत अशी, की क्युबाच्या सिगारपेट्या ज्या 'स्पॅनिश सीडर'च्या असतात, ते झाड देवदाराच्या जातीचे नाहीच. ते महोगनीच्या, म्हणजे आपल्या कडुनिंबाच्याही कुळातले आहे. तेव्हा मराठी शौकिनाने वहीत 'देवदार' लिहिले, तर तो नकळत दुसऱ्याच झाडाकडे बोट दाखवीत असतो.

वास्तविक मराठीत या कामासाठी शब्दांचा तुटवडा नाही. खमंग, खरपूस, करपट, कुबट, उग्र, दर्प, दरवळ, घमघमाट हे सारे गंधाचेच शब्द आहेत आणि त्यांच्यातील भेद स्वयंपाकघरात वाढलेल्या कोणालाही उपजत कळतो. खरपूस आणि करपट यांच्यात विस्तवाच्या काही क्षणांचेच अंतर असते. सिगारच्या शेवटच्या हिश्शाचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही. भाजलेले शेंगदाणे, काकवी, सुंठ, जायफळ, पहिल्या पावसाची माती, गोवरीचा धूर या खुणा ज्याच्या त्याच्या आठवणीत पक्क्या असतात. वही उपयोगी पडते ती अशा खुणांनी. उसन्या शब्दांनी नव्हे.

तंबाखूच्या नोंदींचे आकर्षण जुनेच आहे. आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८८७ मधील 'अ स्टडी इन स्कार्लेट' या कादंबरीत शेरलॉक होम्स राखेवरून सिगार ओळखतो, आणि तो असतो त्रिचिनापल्लीचा, म्हणजे आपल्या तिरुचिरापल्लीचा. निरनिराळ्या तंबाखूंच्या राखेवर आपण प्रबंध लिहिल्याचेही हा गुप्तहेर सांगतो. कथा काल्पनिक असली तरी तीतील तत्त्व खरे आहे. पाहणे आणि नोंदवणे यांतून पारख येते.

न लिहिला जाणारा रकाना

मात्र बहुतेक वह्यांत एक रकाना नसतो. तो म्हणजे संख्येचा. या महिन्यात किती, या वर्षात किती, धूर छातीत ओढला की नाही, याची नोंद क्वचितच कोणी ठेवतो. चवीची वही गुणांची भाषा बोलते. शरीर मात्र संख्येचा हिशेब ठेवते.

सिगारेटमध्ये साधारण एक ग्रॅमच्या आतबाहेर तंबाखू असते. मोठ्या सिगारमध्ये ती ५ ते २० ग्रॅम असू शकते, म्हणजे एका सिगारमध्ये सिगारेटच्या पूर्ण पाकिटाइतकी तंबाखू सामावू शकते. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने तो छातीत न घेताही निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जाते. 'आम्ही धूर गिळत नाही' हा युक्तिवाद त्यामुळे अपुरा पडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये सिगारवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. नियमित सिगार ओढण्याने तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांचे कर्करोग होतात, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०२२ मध्ये महागड्या, हाताने वळलेल्या सिगारविषयी अहवाल दिला. अधूनमधून ओढणाऱ्यांना धोका तुलनेने कमी आणि संख्या व धूर छातीत घेण्याचे प्रमाण वाढेल तसा तो वाढतो, असा त्याचा आशय आहे. म्हणजे सारा प्रश्न पुन्हा त्या न लिहिलेल्या रकान्यापाशीच येऊन थांबतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सिग्मंड फ्रॉइड यांचे. मनाच्या तळाशी दडलेल्या गोष्टींची आयुष्यभर बारकाईने टिपणे करणारा हा माणूस दिवसाला वीसच्या आसपास सिगार ओढत असे. हृदयाच्या तक्रारीमुळे १८९४ च्या सुमारास त्यांनी ते सोडण्याचा प्रयत्नही केला. तो टिकला नाही. १९२३ मध्ये त्यांच्या जबड्यात कर्करोग आढळला. १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटला नाही. याउलट, ज्यांच्या ओठातला सिगार ही क्युबाची ओळख बनली होती, त्या फिडेल कॅस्ट्रो यांनी देशातील तंबाखूविरोधी मोहिमेसाठी १९८५ मध्ये तो कायमचा सोडला.

आणखी एक विरोधाभास आहे. धूम्रपानाने गंधज्ञान मंदावते. सिगारेट ओढणाऱ्यांवरील १९९० च्या एका अभ्यासात ही घट ओढण्याच्या प्रमाणानुसार वाढत असल्याचे आणि सोडल्यानंतर हळूहळू भरून येत असल्याचे दिसले. म्हणजे ज्या नाकाच्या भरवशावर वही लिहायची, तेच नाक जास्त ओढण्याने बोथट होण्याची शक्यता आहे. उत्तम पारख आणि अमर्याद ओढणे या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

मग वही ठेवावी का?

जो सिगार ओढतोच, त्याने ठेवावी. पण प्रामाणिक ठेवावी. नोंद त्याच वेळी करावी, दुसऱ्या दिवशी आठवून नव्हे. दिनांक, पेटीवरचे वर्ष, किती दिवस साठविला होता, आधी काय खाल्ले-प्यायले होते, हे तपशील कोरडे वाटले तरी पुढे तेच उपयोगी पडतात. चवीसाठी मोजके आणि आपल्या ओळखीचे शब्द वापरावेत. शब्द सुचला नाही तर जागा रिकामी सोडावी, कारण अपुऱ्या शब्दापेक्षा रिकामी जागा आठवणीला कमी अपाय करते. जमल्यास पट्टी दुसऱ्याकडून काढवून घ्यावी आणि निकाल लिहिल्यानंतरच नाव पाहावे. आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्या वर्षातला अनुक्रमांक लिहावा, तोही सिगार पेटविण्यापूर्वी.

ही शेवटची अट महत्त्वाची आहे. धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांना समुपदेशक जे पहिले काम सांगतात, त्यात ओढण्यापूर्वी वेळ, ठिकाण आणि कारण यांची नोंद करणे हे असते. हात यंत्रवत खिशाकडे जातो, त्याला लेखणीमुळे क्षणभर अडसर होतो. 'हा सिगार चवीसाठी, की सवयीसाठी?' हा प्रश्न त्या क्षणात विचारता येतो. त्याचे उत्तर 'सवयीसाठी' असे वारंवार येऊ लागले, तर चवीची वही मिटवून डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली, असे समजावे.

चवीच्या पानांतून जी पारख येते ती शौकापुरती. कोपऱ्यातल्या आकड्याचे तसे नाही. तो वाढत चालला असेल, तर वही सर्वांत आधी ते सांगते. वाचण्याची तयारी मात्र हवी.