सामाईक संगणक आणि विजेचा हिशेब

विहीर सामाईक असली म्हणजे पाण्याची पाळी ठरवावी लागते, हे तीर्थपुरीच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. आता संगणकही घरोघरी आले आहेत आणि त्यांतील बरेचसे सुरू असूनही तासन्‌तास रिकामे असतात. ही रिकामी शक्ती एकमेकांस वाटून दिल्यास वीज वाचेल, असे म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्य किती, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

अशा वाटणीचे प्रयोग जगात झालेले आहेत. १९९९ साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाने 'सेटी ॲट होम' हा उपक्रम आरंभिला. अवकाशातून येणाऱ्या रेडिओ संकेतांची छाननी लाखो लोकांच्या घरगुती संगणकांवर होऊ लागली. २०२० मध्ये हे कामवाटप थांबले. २००५ पासून चालू असलेला 'आइन्स्टाइन ॲट होम' उपक्रम 'लायगो' वेधशाळांच्या नोंदींत गुरुत्वीय लहरी शोधतो. अशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. तेव्हा मराठवाड्यालाही हा विषय परका नाही.

तथापि, या उपक्रमांत वाचते ते नव्या यंत्रांचे भांडवल, वीज नव्हे. समजा, चार घरांत चार संगणक रोज दहा तास रिकामे चालतात आणि प्रत्येकी ५० वॅट घेतात. दिवसाचे २ युनिट झाले. चौघांनाही १२० वॅटच्या भाराने जुंपले, तर खर्च ४.८ युनिटवर जातो. याउलट चौघांचे काम एकाच संगणकाला पेलत असेल आणि उरलेले तीन बंद राहिले, तर १.२ युनिटांत भागते. सारांश, बचत वाटणीत नसून वाटणीनंतर बंद केलेल्या बटणात आहे.

शिवाय देयकाचा प्रश्न उरतोच. महाराष्ट्रात घरगुती विजेचा वापर महिन्याला १०० युनिटांपलीकडे गेला की पुढील युनिट महाग पडते. ज्याचा संगणक राबतो त्यानेच हा भार सोसावयाचा, तर कुणाच्या म्हशी आणि कुणाला उठाबशी, अशी गत व्हावयाची.

म्हणून आरंभ शाळांपासून व्हावा. तेथे देयक एकच असते. एक समर्थ संगणक आणि त्याला जोडलेले अल्प विजेवर चालणारे पडदे, ही रचना विद्यार्थ्यांस पुरेशी आहे. घरोघरच्या वाटणीस मात्र सामाईक विहिरीचाच नियम हवा: पाळी ठरलेली, खर्च विभागलेला आणि ज्याची पाळी नाही त्याचे यंत्र बंद.