सुई, साखर आणि स्मरण

मधुमेह म्हटला की आपल्याला डोळे, मूत्रपिंडे आणि पाय आठवतात. मेंदू मात्र आपण विसरतो. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, आणि मेंदूत तर अशा वाहिन्यांचे जाळेच असते. उलट साखर एकदम उतरली तर मेंदूच्या पेशींची उपासमार होते. म्हणूनच मधुमेहींना उतारवयात स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो.

सुरुवात साधी असते. ओळखीची नावे आठवत नाहीत, वाण्याचा हिशेब चुकतो. मग एके दिवशी सकाळचे इन्सुलिन घेतले की नाही, हेच आठवत नाही. खरी भीती इथे आहे. चुकून दुसऱ्यांदा टोचून घेतले, तर ते जिवावर बेतू शकते.

अशा वेळी कोणीतरी अ‍ॅक्युपंक्चर सुचवतो. ही चिनी विद्या दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तिच्याशी आपले एक नातेही आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यात डॉ. बी. के. बसू होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. बसू परतले, पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि कोलकात्यात तिचा वापर सुरू केला.

विस्मरणासाठी टाळूवरचा ‘बायहुई’ आणि गुडघ्याखालचा ‘झुसानली’ हे बिंदू वापरतात. कधी सुयांतून सौम्य वीजही सोडतात. मधुमेह घडवून आणलेल्या उंदरांवर असे प्रयोग झाले आहेत. पाण्याच्या हौदात लपवलेला चौथरा उपचार झालेल्या उंदरांना लवकर सापडला, असे त्यांत दिसले.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांवरच्या चाचण्या लहान आहेत. शिवाय गोळीची परीक्षा घेताना खोटी गोळी देता येते, तशी खोटी सुई कुठून आणायची? जर्मन डॉक्टरांनी १९९८ मध्ये तीही केली. तिचे बोथट टोक मुठीत सरकते आणि रोग्याला सुई आत गेल्यासारखे वाटते. अशी कसून तुलना फार थोड्या चाचण्यांत होते. रक्तवाहिन्यांच्या बिघाडातून येणाऱ्या स्मृतिभ्रंशावरच्या अ‍ॅक्युपंक्चर चाचण्या कोक्रेन या संस्थेने २००७ मध्ये तपासल्या, तेव्हा एकही निकषांत बसली नाही. मधुमेहातले विस्मरण सुयांनी हटते, असे खात्रीने म्हणण्याइतका पुरावा आजही नाही.

मग करावे काय? आधी डॉक्टरांना दाखवावे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते. थायरॉइडचा विकार, नैराश्य, कमी ऐकू येणे यांनीही विसराळूपणा आल्यासारखे वाटते, आणि या सर्वांवर उपाय आहेत. त्यानंतरही सुया घ्यायच्या असतील तर प्रशिक्षित माणसाकडे, दर वेळी नव्या निर्जंतुक सुयांनी घ्याव्यात. पाय बधिर असतील किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर आधी सांगावे. गोळ्या आणि इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. उपवास असो की रोजा, डॉक्टरांना विचारूनच धरावा.

आणि औषधांचा डबा घरातल्या दुसऱ्या कोणीतरी सांभाळावा. डोस दिला की कॅलेंडरवर खूण करावी. विसरणाऱ्यावर रागावण्यापेक्षा त्याच्या वतीने लक्षात ठेवणे, हा उपचार आजपासून सुरू करता येतो.