एका सायंकाळीं तीन युगें

जुनें संगीत थोर कीं नवें, हा वाद सुशिक्षित कुटुंबांत जेवणाच्या पंक्तीलाही रंगतो. आमचें घरही त्यास अपवाद नाहीं. मध्यंतरीं मुंबईंत पाश्चात्य वाद्यवृंदाची एक मैफल आम्ही सहकुटुंब ऐकली. तींत तीन निरनिराळ्या काळांतील सिंफनी एकापाठोपाठ वाजल्या, आणि या वादाकडे पाहण्याची आमची दृष्टि पालटली.

पहिली रचना हायडनची, १७७२ सालची. हायडन हा एस्टरहाझी नांवाच्या सरदार घराण्याचा आश्रित. त्या वर्षीं सरदारांचा मुक्काम हंगेरींतील उन्हाळी प्रासादांत फार लांबला. वादकांचीं बायकामुलें मात्र दूर आयझेनश्टाट गांवीं राहिलीं होतीं. धन्यापुढें उघड बोलणें कठीण. म्हणून शेवटल्या भागांत एकेका वादकानें आपलें वादन संपवून, मेणबत्ती मालवून निघून जावें, अशी योजना हायडननें केली. अखेर दोनच व्हायोलिनें मंद सुरांत उरतात. सरदारांनीं मर्म ओळखलें व मंडळी घरीं परतली, अशी हकीकत सांगतात. "यांत राग कोठें आहे?" असें प्रथम विचारणारे आमचे वडील बंधूही त्या दोन व्हायोलिनांपाशीं निश्चल झाले. तंतुवाद्यें, दोन ओबो, दोन हॉर्न व एक बसून, एवढ्याच सामग्रीनें हें सारें साधलें होतें.

नंतर बीथोवेनची पांचवी सिंफनी. ती प्रथम व्हिएन्ना येथें २२ डिसेंबर १८०८ रोजीं वाजली. येथें श्रोता बदलला होता. दरबार जाऊन तिकीट काढणारे नागरिक आले होते. बहिरेपणा वाढत असतां बीथोवेननें चार स्वरांच्या आघातानें आरंभ केला आणि अंतीं विजयाचा घोष उभारला. त्या घोषासाठीं शेवटल्या भागांत तीन ट्रॉम्बोन, पिकोलो बांसरी व खर्जांतील कॉन्ट्राबसून यांची भर त्यानें घातली.

तिसरी रचना याहून प्रचंड असेल, अशी आमची अटकळ होती. परंतु रशियन रचनाकार प्रोकोफिएव्ह यानें क्रांतीच्या वर्षीं, १९१७ सालीं, पुरी केलेली ही सिंफनी उणीपुरी पंधरा मिनिटांची, आणि वाद्यमेळ हायडनच्या उत्तरकाळांतील बेताचा! हायडन आज हयात असता तर कसें लिहिता, या विचारानें ती रचिलेली आहे. सांचा जुना, पण सूर मध्येंच अनपेक्षित ठिकाणीं उडी घेतो आणि ऐकणारास हंसूं येतें.

तात्पर्य, वाद्यें वाढलीं म्हणजे कला वाढली असें नाहीं. घरची ओढ सांगण्यास दोन व्हायोलिनें पुरलीं. विजयास ट्रॉम्बोन लागले. तरुणांनीं जुन्याचा सांचा प्रेमानें हातीं घ्यावा, वडिलांनींही नव्या उडीचें कौतुक करावें. मग पंक्तीवरील वाद उरला, तरी त्यांतील कडवटपणा उरणार नाहीं.